वन्सं, मुंडी खाली

परत आल्यावर सगळ्यांनी विचारलं, कसं झालं? मी म्हटलं, बरं झालं. ह्यांनी विचारलं, मुलानं विचारलं, उस्मानपुऱ्यात ज्या तीन घरी मी पोळ्या करते तिथल्या तिन्ही बायकांनी विचारलं. सगळ्यांना तेच उत्तर दिलं. चार दिवस वाऱ्यावर बोट चालवायला शिकून आले आणि त्याचं वर्णन माझ्या तोंडून दोन शब्दांत संपलं. बोलताना समोर माणूस असतं, म्हणून माझं अडतं. लिहिताना समोर कुणी नसतं. तेव्हा मुलाच्या जुन्या वहीची कोरी पानं घेतली आणि सांगायचं राहिलेलं सगळं लिहायला बसले.

पहिला दिवस : मुकुंदवाडी ते पैठण

हे सगळं वन्संचं काम. वत्सलावन्सं म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. राहतात बिडकीनला. अंगणवाडीतून नुकत्याच रिटायर झाल्या आणि तेव्हापासून कुठं काही शिकवतात म्हटलं की पहिला फॉर्म त्यांचा. केक झाला, शिवण झालं, मोबाईल झाला. ह्या वेळी फोन आला, "सुमन, पैठणला धरणावर बायकांना शिडाची बोट शिकवायलेत. फक्त बायकांना. पोहता नाही आलं तरी चालतं. पण जोडीनं यायचंय. तुझं नाव टाकलंय."

मी म्हटलं, "वन्सं, मला नाही जमायचं." पण ते मी फोन ठेवल्यावर म्हटलं.

निघायच्या दिवशी सकाळी पुन्हा फोन. "बिडकीनला गाडी भरून येती. माझ्यासाठी शीट धरून ठेव." शीट धरणं म्हणजे बसमध्ये जागेवर रुमाल टाकायचा आणि कुणी आलं की म्हणायचं, माणूस यायलंय. रुमाल मी टाकला. पुढचं वाक्य मला येत नाही. एक पागोटेवाले आजोबा आले, त्यांनी माझा रुमाल उचलून अदबीनं माझ्या हातात दिला आणि बसले. मग एक लेकुरवाळी आली, तिला मी माझी स्वतःची जागा दिली. बिडकीनला वन्सं चढल्या तेव्हा मी तो रुमाल हातात घेऊन दांड्याला लोंबकळत होते.

"शीट कुठंय?"

मी आजोबांकडं बघितलं. वन्संनी आजोबांकडं बघितलं. आजोबा म्हणाले, "बसा माय, मला फुडंच उतरायचंय." त्यांना पुढं उतरायचं नव्हतं. ते पैठणपर्यंत उभे होते.

उतरून धरणाच्या काठाला गेलो. तिथं पाणी बघून मी जागीच थांबले. पलीकडचा काठ अगदी बारीक, पेन्सिलीनं रेघ ओढल्यासारखा. मधे सगळं पाणी, आणि पाण्यात गुलाबी पायांचे उंच पक्षी ओळीनं उभे. आमच्या मुकुंदवाडीत नळाला पाणी कधी येणार त्याचे दिवस मोजतात आणि आलं की वाट्यासुद्धा भरून ठेवतात. वन्सं कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "अगोबाई! हे सगळं इथंच ठेवलंय व्हय!"

शिकवणाऱ्या सुर्वे मॅडम रत्नागिरीकडच्या. वय असेल तिशीचं, उन्हानं रापलेल्या, केस मुलासारखे कापलेले. त्यांचं मराठी एकदम सरळ, इस्त्री केल्यासारखं. आमचं 'यायलंय, जायलंय' ऐकून त्या पहिल्या दिवशी गोंधळल्या. "कुठे जायला आलात?" असं त्यांनी वन्संना तीनदा विचारलं.

आम्ही आठ बायका, चार बोटी. साडी नेसून बोटीत बसायचं नाही असं आधीच कळवलं होतं. मी मुलाची ट्रॅक पँट आणली होती, पायावर तीन पांढऱ्या पट्ट्यांची. वर कुर्ता. वन्संनी लेकीची सलवार घातली होती, ती लेकीच्या मापाची होती. डोक्यावर पदर नाही म्हणून माझा हात सारखा कानामागं जायचा आणि रिकामा परत यायचा. वर नारंगी जॅकेट. वन्संच्या जॅकेटचा पट्टा लागेना. मॅडम म्हणाल्या, श्वास सोडा. वन्संनी सोडला, पट्टा लागला. "आता घेऊ का?" वन्संनी विचारलं. मॅडम म्हणाल्या, "थोडाथोडा घ्या."

मग आम्हाला कंबरभर पाण्यात ढकललं आणि जॅकेटमुळं माणूस बुडत नाही हे दाखवलं. खरंच बुडत नाही. आठ बायका पाण्यात भोपळ्यासारख्या तरंगत होत्या. काठावर मासे विकणाऱ्या मंजुळाबाई टोपली खाली ठेवून बघत बसल्या. त्या भोई समाजाच्या, जन्म पाण्यावर गेलेला.

"इंजान न्हाई व्हय ह्या बोटीला?" त्यांनी मला विचारलं.

मी मान हलवली.

"मंग जाती कशी?"

मी वर हवेत बोट दाखवलं.

"देवाच्या भरवशावर?" मंजुळाबाई म्हणाल्या आणि टोपलीशेजारी नीट मांडी घालून बसल्या. चारही दिवस उठल्या नाहीत.

दुपारी पहिल्यांदा बोटीत चढलो. बोट एवढीशी, दोघींपुरती. मधे काठी, काठीला शीड, मागं सुकाणू, आणि बसायला एक आडवी फळी. वारं आलं, शीड फडफडायला लागलं. काठावरून मॅडम ओरडल्या, "शीट पकडा! लवकर शीट पकडा!"

वन्संनी विजेसारखा रुमाल काढून फळीवर टाकला आणि त्यावर बसल्या. मीही उरलेल्या जागेवर बसले. दोघींनी फळी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"शीट! शीट!" मॅडम.

"धरलीय!" वन्सं ओरडल्या. "दोन्ही धरल्यात! कुणीबी येऊ द्या!"

बोट हळूच फिरली आणि बेशरमाच्या झुडपात शिरून थांबली. मॅडम गुडघाभर पाण्यातून चालत आल्या. शीट म्हणजे दोरी, त्यांनी सांगितलं. शीड ज्या दोरीनं ओढायचं-सोडायचं तिला शीट म्हणतात.

वन्संना ते पटलं नाही. "दोरीला शीट म्हणतात, मग शिडाला काय म्हणतात?"

"सेल."

वन्संनी माझ्याकडं बघितलं. "सेल तर साड्यांचा असतो."

दुसरा दिवस : टाक

राहायला जवळच्या एका शाळेचा हॉल होता. सकाळी न्याहारीला ज्वारीची भाकरी आणि ठेचा. सुर्वे मॅडमना भात लागतो, तो इथं सकाळी कुणी रांधेना. त्यांनी ठेचा चटणीएवढा घेतला, डोळ्यांतून पाणी काढलं आणि म्हणाल्या, "तुम्ही हा खाता आणि पाण्याला घाबरता?"

त्या दिवशी दांडीशी ओळख झाली. शिडाच्या खालच्या कडेला एक आडवी दांडी असते. बोट वळवली की शीड ह्या बाजूचं त्या बाजूला जातं आणि सोबत ती दांडीही जाते, बरोबर बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवरून. तेव्हा सगळ्यांनी खाली वाकायचं. पहिल्या तासात ती बँकेतल्या कुलकर्णी मॅडमना दोनदा लागली, त्यांच्या मैत्रिणीला एकदा, वन्संना तीनदा. मला एकदाही नाही.

"सुमनताईंकडे बघा!" सुर्वे मॅडमनी सगळ्यांना थांबवून सांगितलं. "काय नजर आहे! दांडी यायच्या आत मान खाली!"

मी काही केलं नव्हतं. मी बसतेच तशी. लग्न होऊन चोवीस वर्षं झाली, माझी मान एवढी वर जातच नाही की तिला काही लागावं. पण आठ बायकांच्या देखत कुणी माझं नाव घेऊन कौतुक करायची ही पहिलीच वेळ. मी मान आणखी खाली घातली.

कौतुक दुपारपर्यंत टिकलं. दुपारी वारं जोरात होतं आणि आम्ही काठापासून बरंच लांब गेलो होतो. सुकाणूवर वन्सं, दोरीवर मी. मॅडम इंजिनाच्या बोटीतून दुरून सूचना देत होत्या. ती बोट रफिकचाचांची. वय साठीच्या पुढं, पांढरी दाढी, आमच्या दुपारच्या जेवणाचे डबेही तेच आणायचे.

वाऱ्यातून मॅडमचा आवाज आला, "टाक! टाक!"

मी वन्संकडं बघितलं. "टाक म्हणायलेत," मी हळूच म्हटलं.

"काय टाकायचं?"

"ते नाही सांगितलं."

बोटीत साचलेलं पाणी उपसायला एक प्लॅस्टिकचा डबा होता. तो मी टाकला.

मॅडम दोन्ही हात वर करून आणखी जोरात, "टाक! टाक! अहो, टाक!"

बहुतेक बोट जड झाली असेल, मला वाटलं. मोठ्या माणसांनी सांगितलं की मी कारण विचारत नाही. वल्हं टाकलं. तरी मॅडम ओरडतच. आता बोटीत सुटं असं काहीच नव्हतं, फक्त वन्संच्या नव्या चपला. मी एक टाकली.

"अगं माझी चप्पल!"

"टाक!" मॅडम.

दुसरी टाकली. एकटी ठेवून तरी काय उपयोग?

तेवढ्यात बोट काठाच्या गाळात घुसून एका अंगावर टेकली. मॅडम आल्या त्या कपाळाला हात लावून. टॅक म्हणजे बोट वाऱ्याच्या तोंडावरून वळवणं. काठ जवळ आलाय, वळवा, असं त्या सांगत होत्या. टॅक.

मागून रफिकचाचा एकेक वस्तू पाण्यातून वेचत आले. डबा, वल्हं, एक चप्पल. चप्पल हातात धरून त्यांनी माझ्याकडं आदरानं बघितलं. "और क्या क्या डाले अम्मा? ननद को तो नहीं डाले ना?"

"डालनेवालीच थी!" वन्सं म्हणाल्या.

दुसरी चप्पल सापडली नाही. ह्या पाण्याखाली जुनी गावं आहेत म्हणतात. त्यांतल्या कुठल्या तरी अंगणात ती पडली असेल, एकटी.

संध्याकाळी मॅडमनी सगळ्यांना गोलात बसवलं. "इंग्रजी शब्द बंद," त्या म्हणाल्या. "वळताना कप्तानानं मोठ्यानं एकच हुकूम द्यायचा आणि दुसरीनं लगेच वाकायचं. तुम्ही घरी काय म्हणता, कुणाचं डोकं आपटायला लागलं की?"

आठही जणी एकदम म्हणाल्या, "मुंडी खाली!" म्हणजे सात जणी म्हणाल्या. माझे ओठ हलले.

"मग तोच हुकूम." आणि मग मॅडमनी पुढचं सांगितलं. उद्या परीक्षा. लांब एक निळं पिंप तरंगत ठेवलंय, त्याला वळसा घालून यायचं. प्रत्येकीनं एकदा कप्तान व्हायचं आणि हुकूम ऐकू येईल असा द्यायचा. जोडीतल्या दोघीही पास झाल्या तर परवा ती जोडी स्वतः बोट चालवत पलीकडच्या काठावर जेवायला जाणार. एक जरी नापास झाली तरी दोघी रफिकचाचांच्या बोटीतून, डब्यांसोबत.

मला डब्यांसोबत जायचं नव्हतं. घरातल्या लग्नाला, बारशाला, सहलीला मी डब्यांसोबतच जाते. बाकीचे पुढं जीपमध्ये, मी मागं टेम्पोत, आमटीचं पातेलं मांडीत धरून. सांडली तर बोलणी, नाही सांडली तर कुणाच्या लक्षातही नाही. कधी तक्रार केली नाही. पण दोन दिवस वाऱ्यानं शीड भरताना बघितलं होतं. हातातली दोरी अशी ओढ घेते, जसं वासरू दावं ओढतं. ते मला हवं होतं. मागं कधी काही हवं वाटलं होतं ते आठवेना.

तिसरा दिवस : पिंप

पहिली वन्संची पाळी. त्यांनी असा हुकूम दिला की गुलाबी पायांचे सगळे पक्षी उडाले. पास.

मग मी सुकाणूवर, वन्सं पुढं दोरीवर. निघालो छान. पिंप आलं, वळायची वेळ झाली, आणि मला पहिल्यांदा कळलं की मला काय म्हणायचंय आणि कुणाला. वन्संना. मुंडी खाली. ज्यांच्यासमोर मी चोवीस वर्षांत पाटावर बसले नाही, त्यांना.

मी म्हटलं, "अहो वन्सं, जरा मान खाली घेता का..."

दांडी 'जरा'लाच पोचली.

"अगं मेले!" वन्सं डोकं धरून. "सांगायला काय होतं?"

"सांगतच होते."

"कधी?"

"आत्ता."

दुसऱ्या फेरीला मी वाक्य लहान केलं. "वन्सं, मान घ्या." ते इतकं हळू निघालं की वन्सं "काय?" म्हणून मागं वळल्या आणि दांडी कानावर बसली.

काठावर आणून मॅडमनी आम्हाला समोरासमोर उभं केलं. "सुमनताई, बोटीत नणंद-भावजय नसते. एक कप्तान असतो, एक खलाशी."

"खलाशी कोण, मी?" वन्सं म्हणाल्या.

"आत्ता तुम्ही."

"आमच्या भावाच्या लग्नात मी करवली होते," वन्सं म्हणाल्या. मॅडमना हे का सांगितलं ते मला कळलं. मॅडमना नाही कळलं.

मग सगळ्यांनी मला ओरडायला शिकवायला घेतलं. मंजुळाबाई म्हणाल्या, कोंबडी हाकलल्यासारखं ओरड. मी कोंबडी हाकलली. कोंबडी नव्हती, तरी मला तिची दया आली. रफिकचाचा म्हणाले, "सब्जीवाले को कैसे बुलाते अम्मा? वैसाच." मी बोलवत नाही, त्याच्या मागं चालत जाते.

"मग नवऱ्याला हाक कशी मारता?" कुलकर्णी मॅडमनी विचारलं.

खरं सांगायला मला लाज वाटली, पण सांगितलं. मी हाक मारत नाही. ताटली वाजवते. एकदा वाजवली की चहा, दोनदा वाजवली की जेवण. घरात सगळ्यांना माहीत आहे.

सुर्वे मॅडम विचारात पडल्या. "तोंडानेच द्यायला हवा असं काही नाही. इशारा पोचला म्हणजे झालं. आणा ताटली."

रफिकचाचांनी डब्यांतली एक स्टीलची ताटली आणि डाव दिला. तिसऱ्या फेरीला मी सुकाणू काखेत धरलं, ताटली गुडघ्यात. पिंप आलं. मी ताटली वाजवली, खणखणीत, दोनदा.

वन्संनी मान एकदम वर केली, इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाल्या, "आलं का जेवण?"

दांडी बरोबर मधोमध लागली.

काठावर कुलकर्णी मॅडम गवतात आडव्या पडून हसत होत्या. मंजुळाबाईंची टोपली लवंडली. मला हसू आलं नाही. वन्संच्या कपाळावर सुपारीएवढं टेंगूळ होतं आणि ते माझ्या अदबीचं होतं. जेवताना मॅडम माझ्याशेजारी बसून हळूच म्हणाल्या, "आणखी एकच फेरी. नाहीतर मी तुम्हाला सोडू शकत नाही. तिकडे मधे खोल आहे. दांडी लागून माणूस पाण्यात पडतो."

दुपारी चौथी फेरी. पिंपापर्यंत जायच्या आतच वारं फिरलं. अजून मी वळवलीही नव्हती, पण बोट आपोआप फिरली आणि शीड मागून फाडकन भरलं. ही दांडी आधीच्या दांड्यांसारखी नव्हती. ती एकदम सुटली. वन्सं टेंगळाला हात लावून, पाठ माझ्याकडं करून बसल्या होत्या.

माझ्या आतून काहीतरी वर आलं. मी ठरवलं नव्हतं.

"वत्सले! मुंडी खाली!"

वन्सं बोटीच्या तळाशी उताण्या पडल्या. दांडी वरून सूं करत गेली, त्यांच्या केसांना वारा देऊन; मी अगदी मागं सुकाणूशी होते, तिथवर तिचं टोक पोचलं नाही. एवढंच नाही. काठावर सुर्वे मॅडम वाकल्या. कुलकर्णी मॅडम वाकल्या. इंजिनाच्या बोटीत रफिकचाचा वाकले. लांब दगडावर धुणं धुणारी एक बाई होती, तिचा आमच्याशी काही संबंध नव्हता, तीही वाकली. मंजुळाबाईंनी टोपली डोक्यावर पालथी घेतली. घटकाभर त्या सगळ्या धरणावर मान वर असलेली मी एकटीच होते.

मग मॅडमनी टाळ्या वाजवल्या. पास.

वन्सं तळाशी पडल्या होत्या तिथूनच माझ्याकडं बघत होत्या. "काय म्हणालीस?"

मी सुकाणूकडं बघितलं.

"वत्सले म्हणालीस."

त्या दिवशी वन्सं माझ्याशी बोलल्या नाहीत. जेवताना कुलकर्णी मॅडमना म्हणायच्या, "त्यांना सांगा, ठेचा इकडं द्या." त्यांना म्हणजे मला. मी ठेचा द्यायचे. त्यांचं ताट माझ्या ताटाला लागूनच होतं.

चौथा दिवस : पलीकडं

सकाळी चार बोटी सुटल्या. मॅडमनी मला कप्तान केलं, कारण कालचा हुकूम सगळ्या धरणानं ऐकला होता. वन्सं पुढं दोरी धरून बसल्या, तोंड फुगवून. मी "मुंडी खाली" म्हणायचे, ह्या वेळी हळू पण वेळेवर. त्या खाली व्हायच्या, पण अशा की जणू स्वतःच्याच मनानं वाकल्या.

वारं मंद आणि गार होतं. काठाची रेघ जाड होत गेली, तिच्यातून बाभळी निघाल्या, मग एक शेळी निघाली. बोटीखालून पाण्याचा आवाज येत होता, कुणीतरी तोंडात चूळ खुळखुळवतंय तसा. माझ्या हातात सुकाणू, त्याच्या मागं पाणी, आणि मांडीत काहीही नव्हतं.

अर्ध्याच्या थोडं पुढं गेलो आणि वारं पडलं. बाकी तिन्ही बोटी आमच्या पुढं होत्या, त्या कशाबशा पोचल्या. आमचं शीड वाळत घातलेल्या लुगड्यासारखं लोंबलं. बोट उभी. एका वल्ह्यानं ती जागेवरच गोल फिरायची. माशी आली आणि वन्संच्या टेंगळावर बसली. पलीकडं बायका उतरताना दिसत होत्या. ऊन डोक्यावर येत होतं.

मागून इंजिनाची बोट आली. मॅडम पुढं, रफिकचाचा मागं, मधे डबे. आमच्याजवळ येऊन थांबली आणि झुणक्याचा वास आला.

"हवा नक्को बोली आज," चाचा म्हणाले. "रस्सी डालूँ अम्मा? पाँच मिनिट में उधर."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. "कप्तानानं ठरवायचं."

वन्सं उठून उभ्याच राहायला निघाल्या. "टाका टाका, दोरी टाका चाचा! लई भूक लागली!" सकाळपासूनचं त्यांचं हे पहिलं बोलणं.

दोरीचं टोक चाचांच्या हातात होतं. एकदा बांधलं की झालं, पुढं इंजिन, मागं आम्ही, मधे डबे. मला सगळं दिसत होतं. वन्संना भूक लागलीय, त्या थोरल्या आहेत, सगळे वाट बघताहेत, नाही म्हणणं बरं दिसत नाही. ह्यातलं एकेक कारण मी आयुष्यभर पुरवून पुरवून वापरलंय.

"नको," मी म्हटलं.

"काय?" तिघंही.

"दोरी नको. वाऱ्यानं जाऊ."

"वारं कुठंय?" वन्सं म्हणाल्या.

"येईल."

"कधी?"

"मला नाही माहीत. बसा वन्सं, बोट हलायलीय."

वन्सं बसल्या. मला वाटतं, त्यांनाही कळलं नाही त्या का बसल्या. मॅडमनी तोंड दुसरीकडं वळवलं, पण खांदे हसत होते. चाचांनी दोरी गुंडाळली. "हौ, कप्तानसाब," ते म्हणाले, आणि झुणका निघून गेला.

बराच वेळ गेला. पलीकडं डबे उघडल्याचं आम्हाला ऐकू आलं. पाण्यावरून आवाज फार स्वच्छ येतो. कुणीतरी म्हणालं, "भाकरी मस्त झालीय." वन्संनी डोळे मिटले.

"आई जाऊन अकरा वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "तेव्हापासून मला वत्सले कुणी म्हटलं नव्हतं."

"चुकलं माझं."

"चुकलंच." वन्संनी टेंगूळ चाचपलं. "पण आवाज अगदी आईसारखा काढलास. मी आधी पडले, मग कळलं की आई नाही, तू हायेस."

"परत नाही म्हणणार."

"घरी म्हणू नको." वन्संनी दोरी ह्या हातातून त्या हातात घेतली. "बोटीत... बोटीत म्हण. बोटीत काय, मी खलाशी."

मग आम्ही दोघी हसलो. आधी ताटलीवर, मग चपलेवर, मग उगीचच. हसण्यानं बोट डुलायला लागली, आणि वन्सं म्हणाल्या, अशीच हसत राहिलो तर पोचू. तशी ती खरंच थोडी सरकली. पण ते हसण्यानं नव्हतं. पाण्यावर लांब एक काळपट सुरकुती उठली होती आणि ती आमच्याकडं येत होती. शीड एकदा हललं, पुन्हा हललं, आणि भरलं.

"शीट ओढा!" मी म्हटलं. वन्संनी फळीकडं बघितलंही नाही, दोरी ओढली.

पोचलो तेव्हा सगळ्यांची जेवणं उरकली होती. झुणक्याच्या डब्याला चमचा खरवडल्याचा आवाज येत होता. कुलकर्णी मॅडम गवतात पाय पसरून झोपल्या होत्या. बोटीचं नाक गाळात हळूच टेकलं. वन्संनी सलवार वर घेतली, एक पाय बोटीच्या काठावरून उचलला, आणि तसाच धरून थांबल्या. कप्तान म्हणेपर्यंत बोटीतून कुणी उतरायचं नाही, असा नियम आहे. त्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं.

"उतरू का?"

चोवीस वर्षांत वन्संनी मला खूप प्रश्न विचारलेत. आमटी पातळ का, पडदे धुतले नाहीत का, माहेरी इतके दिवस कशाला. पण असा प्रश्न, ज्याचं उत्तर माझ्याकडं आहे आणि ते मिळेपर्यंत त्यांना थांबावं लागेल, हा पहिलाच.

मी शीड बघितलं. दोरी बघितली. सुकाणू बघितलं. सगळं जागच्या जागी होतं, तरी आणखी एकदा सावकाश बघून घेतलं. वन्सं एका पायावर उभ्या होत्या.

"उतरा," मी म्हटलं.